एप्रनचं माप

“मावशी, तुमचाच एप्रन आल्टर करून आणा. हिच्यासाठी नवा शिवायला नको,” माझ्या मुलीकडे बोट दाखवत वर्गाच्या बाई म्हणाल्या.

मी फिनेलची बादली घेऊन वर्गाच्या दारात उभी. दादरच्या या शाळेत मी मावशी. वर्ग झाडते, संडास धुते. माझी मुलगी इथेच दुसरीत. राखीव जागेवर, फी माफ.

टेबलावर चित्रांचं पुस्तक उघडं होतं. मोठेपणी मुली काय काय होऊ शकतात, त्याचं. गॅदरिंगला प्रत्येक मुलीने त्यातलं एकेक पान व्हायचं होतं. बाईंची स्वतःची मुलगीही याच वर्गात, ती न्यायाधीश होणार होती. माझीने जहाजाची कप्तान धरून ठेवली होती. आम्ही कॉटन ग्रीनला राहतो, गच्चीतून गोदीतल्या क्रेन दिसतात. जेवणाचं ताट दोन्ही हातांत धरून ती जहाज वळवायची.

बाईंनी तिच्यासाठी शेवटचं पान काढलं. झाडू घेतलेली मुलगी. खाली लिहिलेलं, ‘स्वच्छतादूत’.

“कप्तान दुसऱ्या मुलीला दिलंय. हिला हे जमेल. घरचंच आहे ना!”

मुली हसल्या. माझी माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही. एप्रनकडे.

“वाईट वाटून घेऊ नका हं मावशी. आम्ही शिकवतो मुलांना, कुठलंच काम हलकं नसतं.”

माझ्या कामांची यादी मोरीच्या भिंतीला चिकटवलेली असते. आधी कुठला मजला, मग कुठला. गप्प बसणं त्यात कधी लिहिलं नव्हतं. तरी रोज करत आले होते.

बादली खाली ठेवली.

“हलकं नसतं ना बाई? मग हे पान तुमच्या मुलीला द्या.”

“काहीतरीच काय!” त्यांच्या तोंडून पटकन गेलं. मग आवाज बदलला. “नोकरी करायचीय ना इथे?”

“करायचीय. झाडू मी मारते, पगार घेते. ती मारणार नाही. स्टेजवरसुद्धा नाही.”

तिला कुठलंच पान मिळालं नाही. गॅदरिंगला ती खाली सतरंजीवर बसली. वर दुसऱ्याच कप्तानाने सलाम ठोकला. मला वर्गांवरून काढून फक्त संडासांवर टाकलं.

घरी येताना तिने विचारलं, “आई, एप्रन घातला असता तर घेतलं असतं ना मला?”

“हो,” मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

एप्रन मी आजही घालते. धुऊन, इस्त्री करून. त्याची लाज नाही. पण त्याला कात्री लावून तिच्या मापाचा करू देणार नाही. कुणालाच.