हसन मिस्त्रींनी न आवळलेला नट

हसन मिस्त्री रोज सकाळी माझ्याकडे टोपणभर पांढरा रंग मागायला यायचे. इंदापुरात बारामती रस्त्याला आमची दोघांची आवारं लागून होती. त्यांच्याकडं इंजिनाची कामं, माझ्याकडं पत्रा ठोकणं आणि रंग. स्वतःचा पान्हा ते सख्ख्या भावाला द्यायचे नाहीत, पण माझा रंग मात्र हक्कानं न्यायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "एवढ्यानं काय तुझा डबा आटतुया व्हय? घे, चहा सांग त्याच्या बदल्यात." चहासुद्धा मीच सांगायचा.

नट पुरता आवळून झाला की ते करंगळी त्या टोपणात बुडवायचे आणि नटावर एक ठिपका द्यायचे. "ठिपका दिला म्हंजी जबान दिली," असं त्यांचं म्हणणं. ठिपका असलेल्या नटाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा होता. त्यामुळं त्यांच्या करंगळीचं नख कायम पांढरं असे. एकदा ईदला ते शिरखुर्मा वाढत असताना मी म्हणालो, "मिस्त्री, सगळ्यांनी मेंदी लावली, तुमी चुना लावला व्हय?" तर म्हणाले, "खा गुमान. चुना मी गिऱ्हाइकाला न्हाय लावत, बोटाला तरी लावू दे."

तरुणपणी मी त्यांच्याच हाताखाली इंजिनकाम शिकायला होतो. फार दिवस टिकलो नाही. त्यांनीच एके दिवशी पान्हा काढून घेतला. "दत्तू, तू नटाशी भांडतोस. नट दमला की आपुन थांबायचं आसतंय. तू थांबत न्हाईस. जा, रंगात जा. तितं जास्त दाबलंस तर फार तर पोपडं निघत्याल, माणूस मरायचा न्हाय." मला राग आला होता. पण रंगाचं पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं.

त्यांची स्वतःची एक जुनी पिकअप होती. तिच्यातून त्यांनी आयुष्यभर लोकांची इंजिनं वाहिली. माझ्या बायकोला बाळंतपणाच्या ऐन वेळी बारामतीच्या दवाखान्यात याच गाडीतून त्यांनी नेलं होतं, आणि वाटेत खड्डा आला की गाडीलाच शिव्या दिल्या होत्या. पुढं ती लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. हौद्याचा पत्रा गंजून खाली पडायला लागला. पासिंगची मुदत संपत आली तेव्हा त्यांचा मुलगा सलीम, जो बारामती एमआयडीसीत कामाला आहे, म्हणाला, "अब्बा, भंगारात देऊन टाका. जुनी झाली आता."

"तुझी आई बी जुनीच झालीय. तिला बी दिऊ का?"

मागच्या घरातून सलीमची आई, आमच्या चाची, ओरडल्या, "द्या की! सुटंन तरी मी."

तेव्हा हसण्यात गेलं. गाडी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरलं. इंजिन पूर्ण खोलायचं ते मिस्त्रींनी, पत्रा आणि रंग माझा. मी विचारलं, "रंग कुठला द्यू? आता चमकणारे लई रंग निघाल्यात." म्हणाले, "हिला काय नवरीसारखं सजवून बसवायचीय का? व्हता तोच दे, दह्यासारखा."

पहिली खूण आम्हाला कळली ती इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा लोखंडी सांगाडा, बारामतीला लेथवाल्याकडं दिला तेव्हा. तो आणायला मिस्त्री ओळखीच्या टेम्पोतून गेले आणि परत आले ते एसटीनं, हातात पेरूंची पिशवी घेऊन. मला दोन पेरू दिले, बसून चहा प्याले. तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला, "मिस्त्री कुठं हायती? मी लेथवर ब्लॉक भरून कवाचा उभा हाय." मी मिस्त्रींकडं पाहिलं. त्यांनी पेरूकडं पाहिलं. म्हणाले, "बारामतीला कोण गेलं हुतं?"

डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार. गोळ्या दिल्या, पण गोळ्यांनी तो मागं फिरेल असं काही ते म्हणाले नाहीत. मिस्त्रींना हे सगळं नीट समजलं होतं. शेडमध्ये येऊन त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही एक गाडी माझ्या हातानं हुभी राहू दे. मग मला माझं नाव आठवू नाय तर न आठवू. पण इंजिनाला तू शिवायचं न्हाय. डोकं इसराय लागलंय, पण हात आजून माझा हाय."

आणि ते खरंच होतं. जेवलो की नाही हे चाचींना विचारणारा माणूस क्रँक बसवताना मात्र चुकत नव्हता. मी शेजारी पाणीपेपरनं दरवाजा घासत बसायचो आणि कान त्यांच्याकडं ठेवायचो. सलीम फोन करून विचारायचा, "काका, जमतंय का त्यांना?" मी सांगायचो, "तुझ्यापेक्षा बरं जमतंय."

एका शुक्रवारी ते नमाजाला गेले असताना मी सहज इंजिनाजवळ गेलो. पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे बसवून झाले होते. प्रत्येक नटावर पांढरा ठिपका. का कोण जाणे, मी एका नटाला बोट लावलं. तो फिरला. नुसता हातानं फिरवून ठेवला होता, आवळलाच नव्हता, आणि वर ठिपका दिला होता. हा नट सैल राहिला तर धावत्या गाडीत दांडा ब्लॉक फोडून बाहेर येतो. बाकीचे सगळे नट तपासले, ते पक्के होते. एवढा एकच राहिला होता.

मला तिथं थांबता आलं असतं. मिस्त्री परत आल्यावर, "एकदा बघून घ्या," एवढंच म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं तर आपला हातही आता चुकायला लागलाय हे त्यांना कळेल, अशी मला भीती वाटली. मी त्यांचा पान्हा घेतला, नट आवळला आणि दरवाजा घासायला जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी खालचं झाकण लावण्याआधी त्यांनी प्रत्येक नटाला पुन्हा पान्हा लावून पाहिला. त्या नटाशी ते थांबले. पान्हा काढला, पुन्हा लावला.

"दत्तू, ह्यो मी आवळलेला न्हाय."

"तुमचाच ठिपका हाय की त्याच्यावर."

"ठिपका माझा हाय. हात माझा न्हाय. कुणीतरी दाबून आवळलाय ह्यो." मग माझ्याकडं रोखून पाहत म्हणाले, "तू आवळलास का?"

त्यांच्या त्या नजरेत आजार नव्हता. मी म्हणालो, "मी कशाला हात लावतोय? तुमीच आवळलाय मिस्त्री. तुमच्या ध्यानात नसंल."

ते आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहत राहिले. मग म्हणाले, "व्हय का? मग हात बी गेला म्हणायचा." पान्हा त्यांनी फडक्यानं पुसला, माझ्या हातात दिला आणि घरात गेले.

त्यानंतर त्यांनी आपणहून पान्हा धरला नाही. मी धरायला लावला की दोन फेरे फिरवून ठेवून द्यायचे, "माझं काय खरं न्हाय, तू बघ," म्हणायचे. न राहवून आठवड्याभरातच मी त्यांना खरं सांगून टाकलं. नट मीच आवळला होता, तुमच्या हातानं ओळखलं ते बरोबर होतं. ते लख्ख हसले. "बघ! म्हणलं न्हवतं?" मला वाटलं, सुटलो. दुपारी मी पान्हा पुढं केला तर हात मागं घेतला. "नगं. माझ्या हातनं चुका व्हत्यात." मी सांगितलेलं ते विसरले होते. हातावरचा भरवसा उडाला होता, हे मात्र ते विसरले नव्हते.

इंजिन शेवटी मी आणि दुसऱ्या एका फिटरनं मिळून जोडलं. रंग दह्यासारखाच दिला. पासिंग झालं. मिस्त्रींना शेजारी बसवून मी गाडी बारामतीपर्यंत नेऊन आणली. ते खिडकीतून ऊस बघत होते. इंजिनाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढं सलीम त्यांना आणि चाचींना बारामतीला आपल्याकडं घेऊन गेला. मी जमेल तेव्हा जायचो आणि दरवेळी तेच सांगायचो. दरवेळी ते नव्यानं ऐकायचे, नव्यानं विचारायचे, "म्हंजी मी बरोबर हुतो?" मी म्हणायचो, "व्हय मिस्त्री, तुमीच बरोबर हुता." तेवढा वेळ त्यांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. चहा संपेपर्यंत सगळं पुसलेलं असायचं. एकदा चाची दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "कशाला सोताला तरास करून घेतोस? त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय." 

मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. मला त्यांनी ओळखलं नाही, तरी हात हातात घेतला. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. माझ्याकडं पाहत हळूच म्हणाले, "हे तू मला लई येळा सांगितलंयस, न्हाय का?"

त्यांच्याकडं पाहून माझा धीर सुटला. किती वेळा सांगितलं आणि किती वेळा ते पुसलं गेलं, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

मी म्हणालो, "न्हाय मिस्त्री. आजच सांगतोय."