मधल्या खुर्चीवरचे आबा

बारामतीला शेतीयंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. अशा प्रदर्शनांवर ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची एक सामाईक ऑनलाइन फीड आहे; एकानं लिहिलं की सगळ्यांच्या फोनवर येतं. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण भांडण रोजचं. जेवणाच्या मंडपात बसूनच मी एकाच्या ड्रोनवरच्या लेखाला खरमरीत उत्तर पाठवलं. लगेच एक खुर्ची सोडून बसलेल्या माणसाचा फोन वाजला. त्यानं काहीतरी टाइप केलं, तर माझा वाजला. आमच्या मधल्या खुर्चीवर इंदापूरकडचे एक आबा आमटीत भाकरी कुस्करत होते. दोन्हीकडं मान वळवून वळवून वैतागले आणि ताट घेऊन उठलेच.

“ह्यानं बोट हालवलं की त्याचा वाजतोय! सरका जवळ, आन् तोंडानं भांडा. मला जेवू द्या.”

आम्ही सरकलो. समोरासमोर एकही मुद्दा आठवेना.

शेवटी तोच म्हणाला, “ठेचा घेणार?”