गुरुवारी धुळ्याला

त्या वर्षी मी जळगावच्या एका दैनिकात आरोग्याचं पान पाहत होते. पान आठवड्यातून एकदा निघायचं. त्यात डॉक्टरांचा एक लेख, वाचकांचे प्रश्न आणि तळाला एखाद्या सुपाची कृती असे. पुरुष वाचकांचे बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीचे असत: लिंगाला ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही, काय करावं. आम्ही ते क्वचित छापायचो. छापलेच तर 'वैवाहिक जीवनातील अडचण' असे शब्द घालून. उत्तर मात्र मला पाठ झालं होतं. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, रक्तवाहिन्यांचे विकार, काही औषधांचा परिणाम, अपुरी झोप, चिंता.

नवऱ्याने मला जवळ घेणं बंद केलं तेव्हा यातलं एकही कारण मला आठवलं नाही. माझ्या डोक्यात आलेलं कारण या यादीत नव्हतं. ते धुळ्यात राहत होतं आणि त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं.

नवरा मूळचा असोद्याचा. तिथली केळी आणि कापूस थोरले दीर बघतात. नवऱ्याचं जळगावात ठिबक आणि शेतीच्या औषधांचं दुकान आहे. धुळ्याची ही बाई त्याचं जुनं गिऱ्हाईक. पती वारल्यावर तिने त्यांचं दुकान बंद न करता स्वतः चालवायला घेतलं होतं, आणि तिला लागणारा काही माल आमच्याकडून जायचा. तिचा फोन आला की नवरा स्पीकरवर टाकून चपला शोधत फिरायचा.

"भाऊ, माल कधी धाडशात? आमना शेतकरी दारमा बसेल शेतस."

"धाडतो ना ताई. तुम्ही तं जीव घेऊन राह्यल्या."

आणि दोघं हसायची. भाऊ आणि ताई या शब्दांनी माझं काही समाधान होत नव्हतं. आमच्याकडे रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ असतात. घरात हा माणूस असा शेवटचा कधी हसला होता, ते मला आठवेना.

आधी त्याने दिवसभराच्या कामाने थकल्याचं सांगितलं. मग पाठीचं. मग खोलीतला पंखा अंगाला लागतो म्हणून गादी उचलून हॉलमध्ये नेली. गादी हलण्याआधी एकदा मीच जवळ गेले तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला आणि परत आला नाही. मी कारण विचारलं नाही. आपल्याला नको म्हटलं जात आहे, हे कळल्यावर कारण विचारण्यात अपमानच असतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्यानंतर गुरुवार सुरू झाले. दर दोन-तीन आठवड्यांनी तो गुरुवारी सकाळी धुळ्याला जाऊ लागला. निघताना इस्त्रीचा शर्ट घालायचा, दाढी नीट करायचा आणि काही न खाता बाहेर पडायचा.

"नाश्ता?"

"गुरुवार धरला मी."

देवळाच्या पायरीशी चपला राखत बसणारा हा माणूस. त्याने गुरुवार धरला यावर मी विश्वास ठेवला नाही. पलीकडे कोणी वाढणारं असल्याशिवाय आपल्याकडचा पुरुष उपाशी घर सोडत नाही, असा निष्कर्ष मी काढला.

बातमीदारीत एकच गोष्ट दोन ठिकाणांहून पडताळायची असते. मला तर पुरावा रोज घरातच मिळत होता. त्याने चहातली साखर सोडली. पहाटे बूट घालून मैदानावर चालायला जाऊ लागला. पोट उतरलं. आणि लग्न झाल्यापासून मी ज्यासाठी विनवण्या केल्या, भांडले, माहेरी जाऊन बसले, ती तंबाखू त्याने एके दिवशी न सांगता सोडली. डबी कचऱ्याच्या बादलीत पडलेली दिसली. ती बघून मला आनंद झाला नाही. माझ्यासाठी जे केलं नाही ते हा कोणासाठी करतो आहे, एवढंच मनात आलं. ती डबी मी बादलीतून काढून पुन्हा कपाटात ठेवली. तो परत खातो का, हे मला बघायचं होतं. त्याने हात लावला नाही, आणि मला त्या बाईचा आणखी राग आला.

एका गुरुवारी तो गाडीने निघाल्यावर मी बसने धुळ्याला गेले. ऑफिसात सांगितलं, तिथल्या एका डॉक्टरांची मुलाखत घ्यायची आहे. पुढे ते एका अर्थाने खरं ठरलं. पारोळ्यापर्यंत मी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली आणि पुढे ती सगळी विसरले.

दुकान शोधायला कष्ट पडले नाहीत. समोर आमचीच गाडी उभी होती.

बाई गल्ल्यावर होती. उंच, सावळी, चष्मा केसांवर चढवलेला. ती साधारण असती तर बरं झालं असतं. तिने मला लगेच ओळखलं.

"भाऊंच्या घरच्या ना तुम्ही? फोटो पाह्येल शे मी. या, बसा ना."

"ते कुठे आहेत?"

"वर गयात ना, डॉक्टरकडे. गाडी आठेच लावतस नेहमी. उपाशीपोटी रगत दीसन येतस, मंग मी त्यास्ले पोहे देस. बटाटा टाकत नही हां मी, साखर शे ना त्यास्ले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. "तुमले माहीत नही का?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

काउंटरच्या कडेला स्टीलच्या ताटलीवर दुसरी ताटली झाकलेली होती. म्हणजे वाढणारी होतीच. माझी माहिती बरोबर होती, अर्थ चुकला होता. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे हे त्या बाईला माहीत होतं, त्याच्या पोह्यांत काय घालायचं नाही हे माहीत होतं, आणि मी त्या सकाळपर्यंत त्याच्या भाजीत बटाटा घालत होते.

दवाखाना त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. जिन्यात पाटी होती: मूत्रविकार व पुरुषांचे आजार. तिच्यावर मधुमेहाचा उल्लेख नव्हता. बाईला त्याने अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं मला पाटीने सांगितलं. मी कठड्याला धरून पाटी पुन्हा वाचली आणि वर गेले.

आत बाकांवर सगळे पुरुष. काहींनी रुमाल नाकापर्यंत ओढलेले. मला बघताच एकाने पेपर तोंडासमोर धरला. तो आमचाच पेपर होता, जळगावची आवृत्ती. दाराजवळ टोपीवाले एक नाना बसले होते. त्यांनी सरकून जागा केली.

"बस बेटा. लाजू नको. हाई दवाखाना धुळामा शे, पन आठे बठ्ठा जळगावनाच शेतस. धुळाना लोके याच दुखनासाठे जळगावले जातस."

"सगळेच जळगावचे? मग तुम्ही?"

"मी शिंदखेडाना. माले दोन्हीकडे कोनी वळखत नही."

पेपरमागून कोणीतरी हसलं. मग बाकावरचे आणखी दोघे हसले. या माणसांची आपसात ओळख झालेली होती. कोणाची साखर किती, कोणाला कोणती गोळी लागू पडली, हे ते एकमेकांना विचारत होते. आणि त्यांच्यात, कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून, माझा नवरा बसला होता.

"तू? इथी?" तो उठला. "कोनं सांगितलं तुले?"

"खाली तुमचे पोहे झाकून ठेवलेत. ते ज्यांनी केले त्यांनी."

नाना म्हणाले, "भाऊ, आते डॉक्टर राहू द्या. वकील पाहा."

या वेळी सगळेच हसले, नवरा सोडून. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. मी त्याच्या मागोमाग आत गेले. त्याने मला अडवलं नाही.

डॉक्टर आमच्याच वयाचे होते. मला बघून त्यांना आनंद झाल्यासारखं दिसलं. "मी यांना पहिल्या दिवसापासून सांगतोय, घरच्यांना आणा," ते म्हणाले आणि मला सगळं समजावून सांगू लागले. त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखर आणि तंबाखूने वाहिन्या खराब होऊ लागल्या की तक्रार अनेकदा तिथे आधी दिसते. म्हणून हा आजार पुढच्या आजाराची सूचनाही असू शकतो. नवरा ताठरतेची तक्रार घेऊन आला होता. तपासणीत साखर सापडली, ती बरीच जुनी असावी. हृदयाचा आलेख काढून झाला होता, तो ठीक होता. आता साखर, चालणं, तंबाखू बंद आणि गरजेपुरती गोळी.

"गोळी साधारण तासभर आधी. भरपेट तेलकट जेवणावर नाही. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी कधी लागली, तर ही अजिबात नाही. रक्तदाब एकदम कोसळतो. गोळीने काम भागलं नाही तर पंप आहे, इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियाही आहे. पण यांना तिथपर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. पहिल्या दोन-चार वेळा जमलं नाही तर तो निकाल समजू नका. नापास होण्याच्या भीतीनेही ते होतं."

"ती पुडी पुन्हा घेतली नाही ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"कसली पुडी?" मी.

नवरा टेबलाकडे बघत म्हणाला, "लॉजवर वैद्य येतो, त्याची. घेतली अन् चक्कर येऊन पडलो दुकानात." मग माझ्याकडे बघून, "तुमच्याच पेपरात जाहिरात होती."

त्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा हेच औषध न सांगता, न मोजता मिसळलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. हे मी आमच्या पानावर छापलं होतं. जाहिरात दुसऱ्या पानावर असते.

मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? किती टिकते? इच्छा होते का? आणि नवरा उत्तरं देत गेला. अडखळला नाही, खाली बघितलं नाही. हो, सकाळी असते, आता पहिल्यापेक्षा बरी. इच्छा होते. इच्छा कधी गेलीच नव्हती.

ते वाक्य माझ्या शेजारी बसून त्याने दुसऱ्या माणसाला सांगितलं.

बसमध्ये मला त्या बाईचा जेवढा मत्सर वाटला होता, त्याहून जास्त मला त्या क्षणी डॉक्टरांचा वाटला. माझ्या नवऱ्याकडे शब्द होते. मराठी शब्द, साधे. ते त्याने महिनोन् महिने इथे आणून खर्च केले होते आणि माझ्यासाठी पंखा आणि पाठ ठेवली होती. बाहेरच्या बाकावरच्या लोकांचाही मला मत्सर वाटला. शिंदखेड्याच्या नानांना माझ्या नवऱ्याची साखर ठाऊक होती.

खाली आल्यावर त्याने पोहे खाल्ले. मी शेजारी उभी राहिले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगितलं ते मला सांगा. पहिल्यापासून."

"ऐकलं ना तू आता सगळं."

"मी ऐकलं. तुम्ही मला सांगितलं नाही."

त्याने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि हात धुवायला गेला. पण त्या रात्री गादी आत आली. त्यापलीकडे काही झालं नाही. पुढे गोळी एकदा चालली, एकदा नाही, मग बऱ्यापैकी चालू लागली. ते घडलं आणि चांगलं घडलं. तरी माझं समाधान झालं नव्हतं. शरीर डॉक्टरांच्या सांगण्याने परत येत होतं. बोलणं अजून धुळ्यातच होतं.

त्याच्या पुढच्या धुळ्याच्या गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि डबा घेऊन त्याच्याबरोबर गेले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत, तेल कमी. रक्त देऊन तो खाली आला तेव्हा बाईने सवयीने ताटली पुढे केली. मी डबा उघडून तिच्या काउंटरवर ठेवला.

तिने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे आते मनी सुट्टी ना ताई?"

"हो."

"भरीत तरी द्या मंग थोडं."

मी दिलं. तिने चाटून खाल्लं आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. मीठ मुद्दाम कमी होतं, यांच्यासाठी. ते मी तिला आवर्जून सांगितलं.

परतताना पारोळ्याच्या पुढे नवऱ्याने एका टपरीशी गाडी थांबवली. दोन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. समोरून केळीच्या गाड्या जात होत्या.

"एक सांगू का तुले?" तो म्हणाला. "हे डॉक्टरले नाही सांगितलं मी."

मी कप खाली ठेवला. तो बोलू लागला. ज्या रात्री तो पाणी प्यायला उठला आणि परत आला नाही, तिथून त्याने सुरुवात केली. चहा निवला, टपरीवाल्याने कप उचलून नेले, तरी तो बोलत होता. मध्ये बाईचा फोन आला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकायला त्याचं बोट गेलं, मग त्याने फोन तसाच खिशात ठेवला आणि पुढचं सांगितलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी वर लिहिलं आहे, कारण ते कोणाच्याही उपयोगाचं आहे. नवऱ्याने टपरीवर जे सांगितलं, ते मी लिहिणार नाही. ते फक्त मला माहीत आहे.