लेन्सचं झाकण

विलासभाऊ गेले, तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. घरी येऊन पाहते तो बातमी आमच्या इथल्या, ओमानमधल्या निझव्याच्या, मराठी ग्रुपवर माझ्याआधी पोचलेली, आणि जोडलेल्या हातांची ही रांग! मग कुणीतरी विचारलं, "त्यांचा एखादा चांगला फोटो आहे का?" कुणाकडेच नव्हता. अहो, सगळ्यांचे व्हिसाचे फोटो या माणसानं काढले. इतका संताप आला, की फोन गादीवर भिरकावला आणि एकटीच रडत बसले.

सूकजवळच्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजाराजवळच्या, फोटो स्टुडिओत ते नोकरीला होते. मूळचे मालवणकडचे, मागे फक्त मोठी बहीण, सुलभाताई. सुट्टीच्या दिवशी त्यांचं एक वेगळंच काम चाले. कुणाचं कुत्रं-मांजर शेवटच्या आजारात असलं, की घरी जाऊन त्याचे फोटो काढून द्यायचे. मी ऐकलं तेव्हा हसलेच होते. कसली मेली थेरं, म्हटलं!

मग माझ्याच ढमीच्या किडन्या गेल्या. नवरा लांब दुक्म बंदरावर प्रोजेक्टला, मुलगा पुण्यात. घरात बोलायला ते एक मांजर तेवढं होतं. डॉक्टर संध्याकाळी शेवटचं इंजेक्शन द्यायला येणार होते. दुपारी मीच विलासभाऊंना फोन केला.

ते आले, जमिनीवर बसले, बराच वेळ कॅमेरा काढलाच नाही. ढमीनं त्यांची बोटं हुंगली. मग लेन्सचं झाकण काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ह्या तुझ्याकडे ठेव. पुरे वाटला की पुढे कर. बोलूक नको."

"म्हणजे?"

"मांजराक 'नको' म्हणूक येना नाय. तेच्या वतीन आपण म्हणूक होया."

तिच्या तोंडातून लाळ गळत होती, ती त्यांनी आधी पुसली. माझा रडून सुजलेला चेहरा घेतला नाही. माझ्या मनगटावर तिचा पंजा, एवढंच घेतलं. थोड्या वेळानं ढमीनं भिंतीकडे तोंड फिरवलं... मी झाकण पुढे केलं. "खलास," ते हळूच म्हणाले, इथले अरब 'पुरे, झालं' म्हणतात तसं, आणि कॅमेरा पिशवीत गेला. डॉक्टर येऊन जाईपर्यंत मात्र ते बसून राहिले, रिकाम्या हातांनी. असे फोटो दाखवा म्हणून ग्रुपवर लोक मागे लागत. "ते त्यांचे आसत," एवढंच उत्तर. झाकण परत द्यायला गेले तर म्हणाले, "रवांदे तुझ्याकडेच."

यंदा त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, तोंड वाकडं झालं, नाकात नळी. बाकीचे हॉस्पिटलात एकदा येऊन गेले. रोज जाणारी मीच. एक दिवस पर्समधलं ते झाकण त्यांच्या तळहातावर ठेवलं, तर बोटं मिटली. त्याच वेळी सुलभाताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"गो, एकदा तेचा तोंड दाखव. माझो भाव तो!"

मी फोन वळवणार, तोच भाऊंचा हात चादरीवरून सरकला. झाकणासकट. पुढे.

मी कॅमेरा फक्त त्या हातावर धरला. ताई ओरडल्या, "हाताक काय करू? तोंड दाखव!"

"नाही दाखवणार, ताई."

फोन कट झाला. त्यानंतर लवकरच भाऊ गेले, झाकण पुन्हा माझ्या पर्समध्ये आलं. शवपेटी गावी पोचली, पण उघडू नका असं सांगितलं गेलं. म्हणजे ताईंना भावाचं तोंड दिसलंच नाही, ते माझ्यामुळे. मी कोण हो ठरवणारी? आणि तो हात खरंच काही सांगत होता, की नुसताच हलला? कुणाला विचारू? नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "जाऊ दे, डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." एवढं सोपं असतं, तर काय हवं होतं!

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

"तो हातात काय धरून होतो गो?"

मी सगळं सांगितलं. ढमीचं, झाकणाचं, खलासचं.

"मगे पुरे झाला असतला तेका," ताई म्हणाल्या. आणि मग अगदी बारीक आवाजात, "माका धाडून दी ता."

ओळखीचे एक जण उद्या गावी निघालेत, त्यांच्या हाती द्यायचंय. डबी आणली, कापूस घातला, वर ताईंचं नाव लिहिलं. डबी टेबलावर उघडीच आहे. झाकण अजून माझ्या मुठीत आहे.