लहान खोलीतली मोठी खोकी

हिंगोलीच्या त्या दुकानात खुर्ची एकच होती आणि ती आमच्या ह्यांना मिळाली. मला दुकानदारानं एवढंच विचारलं, घरचे पडदे कुठल्या रंगाचे? आम्ही स्पीकर घ्यायला आलो होतो की पडदे, हे त्याला अजूनही विचारावंसं वाटतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ह्यांच्या कचेरीतल्या बऱ्याच जणांकडे कमरेएवढे स्पीकर आले होते, म्हणून आमच्याकडेही यायला हवे होते. मला मात्र माझी कॅसेट नीट ऐकायची होती. लग्नाआधी वसमतला काकांनी ती भरून घेतली होती. पेटीवर वडील आणि गाणारी मी. मला बघायला आले तेव्हा शिवण येतं का, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. गाण्याचं कुणी विचारलं नाही आणि मग सासरी गाणं झालंच नाही. ही माहेरची कॅसेट आहे, एवढंच ह्यांना ठाऊक. घरच्या जुन्या टेपवर नुसती खरखर ऐकू यायची. चांगल्या स्पीकरवर लागली तर हे माझा आवाज आपणहून ओळखतील, अशी माझी वेडी आशा होती.

दुकानदारानं मोठ्या खोक्यांवर आधी नाचाचं गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली तसे हे खूश झाले. मग मी माझी कॅसेट पुढे केली. तोंडावर गोधडी घेऊन गावं तसा माझा आवाज आला. खालच्या फळीवर एक लहान जोडी होती. ती मी हट्टानं जोडायला लावली. पेटी वेगळी ऐकू आली, गळा वेगळा, मधे घेतलेला श्वाससुद्धा. समोर कुणी बसून गावं इतकं ते मोकळं होतं.

"वहिनी, ह्यात तर काहीच वाजून न्हाई राहिलं," दुकानदार म्हणाला.

हे हसले. "आवाजातलं तुला काय कळतं? चल."

मोठी खोकी घरी आली. आमची खोली म्हणजे पलंग, कपाट आणि शिलाई मशीन. एकानं वळायचं तर दुसऱ्यानं बाहेर जायचं. एक खोकं दारामागे बसलं, त्यामुळे दार पूर्ण उघडेना. दुसरं कपाट आणि भिंतीच्या सांदीत कोंबलं. धूळ बसेल म्हणून वरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. त्यावर नणंदेनं विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. आवाज यायचा कुठून? धडधड मात्र शेजारच्या भांड्यांपर्यंत पोचायची. पाहुणे वाहवा करायचे आणि हे त्यांना कौतुकानं चहा पाजायचे. चहा अर्थात मी करायची.

पुढे एका गणपतीत ह्यांच्या मित्रांनी आवाज इतका वाढवला, की दोन्ही खोकी घरघरायला लागली. दुरुस्तीचं हे आज-उद्या करत राहिले. शेवटी मीच ती रिक्षात घालून त्याच दुकानात नेली. लहान जोडी अजून खालच्या फळीवरच पडून होती. बदल्यात तीच मागितली, तर दुकानदार म्हणाला, आधी साहेबांना विचारून या. मी म्हटलं, कॅसेट साहेब ऐकत नाहीत, मी ऐकते.

घरी एक स्पीकर मशीनवर ठेवला, दुसरा स्टुलावर, दोन्ही भिंतीपासून हातभर पुढे. रुमाल नाही की फुलदाणी नाही. संध्याकाळी कॅसेट लावली. तेवढ्यात हे कचेरीतून आले आणि चपला काढता काढता दारातच थांबले. बराच वेळ तसेच उभे राहून ऐकत होते.

"कोण गाऊन राहिली ही बाई? लई मोकळा आवाज हाय."

इतकी वर्षं एका खोलीत काढून हा प्रश्न. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बसा इथं," मी म्हटलं. "ओळखू आली की मग चहा."