नाट्यगृहाची घुमणारी भिंत

लहानपणी तिने घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं ते बिघडलं म्हणून नव्हे, तर चालू होतं म्हणून. आत टकटक कोण करतंय हे तिला बघायचं होतं. ते पुन्हा कधी चाललं नाही. तेव्हापासून आई पाहुण्यांना सांगायची, "हिला गप्प बसवायचं असेल तर हातात आधीच बिघडलेलं काहीतरी द्या."

वडील ट्रक चालवायचे. इंजिन कुरकुरलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कुठे दुखतंय ते त्यांना कळायचं. त्यांची मुलगी पुढे इंजिनीअर झाली, घराण्यातली पहिलीच. स्क्रूड्रायव्हर मात्र तिच्या पर्समध्ये राहिला, कंगव्याशेजारी.

साइटवरचे लोक तिला पाठीमागे चौकशीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. हे नाव कुणी ठेवलं याचीही तिने चौकशी केली होती.

दोन कामं एकदमच तिच्याकडे आली. एक, जुनं नाट्यगृह पाडून तिथेच नवं उभं करणं. दुसरं, त्याच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडून नव्या वसाहतीचे रस्ते, गटारं आणि पाण्याची लाइन टाकणं. वसाहत आधी भरली. तिची थोरली बहीणही तिथे राहायला आली. नाट्यगृह आत्ता कुठे पूर्ण होत आलं होतं. पहिला प्रयोग गावातली हौशी मंडळीच करणार होती आणि मुख्य भूमिका होती तिच्या सासऱ्यांची, आप्पांची. जुन्या नाट्यगृहात आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं गाजवली होती. अलीकडे मंडळी त्यांना टाळू लागली होती. ही भूमिका त्यांनी हट्टाने मागून घेतली होती, शेवटची म्हणून.

तालमी नव्या रंगमंचावर सुरू झाल्या आणि दिग्दर्शकबाईंचा फोन आला.

"तुमचा हॉल घुमतो हो. बारीक, पण सतत. शांततेचा प्रसंग आला की कुणीतरी ओठ मिटून गुणगुणतंय असं वाटतं."

तिने इलेक्ट्रिशियनला घेऊन मेन स्विचच बंद केला. अंधार झाला, पण घुमणं तसंच. इलेक्ट्रिशियनने मोकळ्या मनाने हात वर केले. "मॅडम, माझ्या खात्यातलं नाही हे. आता आवाज जमिनीतून येतोय का आभाळातून, ते तुमचं तुम्ही बघा."

दुपारी ती एकटीच जाऊन बसली, तर हॉल चिडीचूप. संध्याकाळ झाली की पुन्हा सुरू. भुंगा शिरावा तसा तो आवाज तिच्या डोक्यात शिरला. जेवताना, केस विंचरताना, मुलीचा अभ्यास घेतानाही ती मध्येच थांबून कान टवकारायची.

तक्रार नव्हती ती फक्त आप्पांची. "जुन्या हॉलचे पत्रे वाजायचे, वर कबुतरं भांडायची. तेव्हा कुणाचं नाटक अडलं? घुमतंय तर घुमू दे."

पण तिचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. एका संध्याकाळी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतींना लागली. बाजूच्या भिंती मुक्या होत्या. खांब मुके. रंगमंचामागच्या भिंतीला टोक लावलं आणि घुमणं थेट हाडात उतरलं. ती वळसा घालून बाहेर गेली. वसाहतीला पाणी नेणारा जाड पाइप पंपघरातून निघून त्याच भिंतीवरून गेला होता, घट्ट क्लॅम्प मारून. तिच्या नकाशात तो जमिनीखालून जात होता.

तिने प्लंबरला फोन लावला.

"मॅडम, खाली जुन्या हॉलचा पाया आडवा आला होता ना. मी तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, घ्या भिंतीवरून."

म्हणाली होती खरी. भिंत नुकतीच उभी राहिली होती, ती स्वतः दुसऱ्या टोकाला छपराच्या मापात गुंतलेली होती आणि फोनवरच उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

तरी खात्री करायची होती. वसाहतीला उंच टाकी नव्हती. घरोघरचे नळ उघडले की पंप आपोआप चालू व्हायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला कान लावून उभी राहिली आणि बहिणीला फोन केला.

"ताई, नळ सोड."

"सोडला."

"काही होत नाहीये. शेजारच्यांनाही सोडायला सांग."

"काय सांगू त्यांना? माझी बहीण नाट्यगृहाच्या भिंतीशी बोलतेय म्हणून?"

"सांग काहीही."

थोड्या वेळाने भिंत गुणगुणायला लागली.

"आता बंद करायला सांग."

भिंत गप्प.

"परत सोडा."

"अगं, बादल्या भरल्या, झाडं भिजली, समोरच्या काकांची दुसऱ्यांदा अंघोळ झाली. आता काय तुझी भिंत धुऊ?"

भिंत पुन्हा गुणगुणली. ती एकटीच हसत उभी होती.

जेवताना तिने ती बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. पाइप भिंतीपासून सोडवायचा, त्याला जमिनीवर स्वतःचे टेकू द्यायचे, पंपाजवळ रबराचा जोड टाकायचा, की झालं. आप्पांचा हातातला घास तिथेच थांबला.

"एवढ्यात नको. प्रयोग झाल्यावर कर."

"का बरं?"

"सांगितलं ना," म्हणून ते हात धुवायला उठले. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. दुपारची तालीम असली की आप्पांचा गुडघा दुखायचा. संध्याकाळी तोच गुडघा कुरकुर न करता रंगमंचाच्या पायऱ्या चढायचा. दुपारी हॉल शांत, संध्याकाळी घुमणारा. गुडघ्याला भिंतीचं काय कळतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या तालमीला ती विंगेत जाऊन उभी राहिली. तिथे गावातले दाताचे डॉक्टर हातात संहिता घेऊन प्रॉम्प्टिंग करत होते. जवळजवळ प्रत्येक वाक्याला ते आधी कुजबुजत आणि मग आप्पा बोलत. त्या घुमण्यात ती कुजबुज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हती.

घरी परतताना आप्पांनीच विषय काढला.

"पाहिलंस ना? वाक्यं निसटतात आताशा. तो आवाज आहे तोवर निभावतंय. गेला की डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल. मग एक तर मला काढतील, नाहीतर लोक हसतील."

"तुम्ही सांगाल तसं करू, आप्पा. प्रयोगानंतरही जमेल."

सकाळी चहाचा कप खाली ठेवताना आप्पा म्हणाले, "करून टाक. एकटा मीच थोडा बोलणार आहे त्या हॉलमध्ये?"

प्लंबरने क्लॅम्प कापले, टेकू उभे केले, रबराचा जोड बसवला. संध्याकाळी वसाहतीचे सगळे नळ चालू असताना तिने भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावला. काही नाही. मग ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि डॉक्टरांना विंगेतून कुजबुजायला सांगितलं.

"आऽ करा," डॉक्टर सवयीने कुजबुजले. शेवटच्या रांगेत तिला ते स्वच्छ ऐकू आलं.

तिने डॉक्टरांना पडद्यामागे बसवलं, जाड कापडाआड बसवलं, दुसऱ्या विंगेत नेलं. कुजबुज येतच राहिली. एवढी मेहनत घेऊन तिनेच हॉल असा बांधला होता, आता तक्रार कुणाकडे करणार? त्यानंतर रोज ती आप्पांसमोर संहिता घेऊन बसू लागली. मुलगी नाटकातल्या दोन्ही मुलांची वाक्यं एकटीच म्हणायची. आप्पांची बरीच वाक्यं पक्की झाली. सगळी नाही.

प्रयोगाला हॉल भरला. ती मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली. नाटकातल्या म्हाताऱ्याची मुलं त्याच्यापुढे जमीन विकायचे कागद धरतात, तो प्रसंग आला.

"बाबा, मग करताय ना सही?"

आप्पा कागदांकडे बघत राहिले. शांतता पसरली, नुसती, कोरी. ती लांबली. तिने बाकाची कड घट्ट धरली. पंप चालू असायची वेळ होती. आत्ता तो घुमला असता तर तिने त्याचे पाय धरले असते.

विंगेतून कुजबुज आली, "मी सही करणार नाही." शेवटच्या रांगेपर्यंत. कुणीतरी फिस्सकन हसलं.

आप्पांनी सावकाश मान वळवून त्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. मग मुलांकडे.

"बघा," ते म्हणाले, "भिंतीलासुद्धा माझं उत्तर माहीत आहे. तुम्हालाच कळत नाही."

हॉल आधी हसला, मग टाळ्या वाजवू लागला, आणि त्या गडबडीत आप्पांना पुढचं वाक्य आपसूक आठवलं.

घरी जाताना तिला राहवलं नाही. "आप्पा, खरंच विसरला होतात? की मुद्दाम?"

त्यांनीच उलट विचारलं, "शेवटच्या रांगेत ऐकू आलं?"

"कुणाचं? डॉक्टरांचं का तुमचं?"

"दोघांचं."

"आलं."

"मग हॉल बरा बांधलायस," आप्पा म्हणाले.