उरलेलं कोण खाणार

आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी, आणि घरात ही देवनागरी अक्षरं वाचता येणारी मी एकटी. लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला येतात. नवरा घरात मराठी बोलतो पण लिहितो तमिळ. मुलाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तो तमिळमध्ये देतो. सासूबाई मराठी सोडून दुसरं काही बोलत नाहीत आणि वाचत तर काहीच नाहीत. त्यामुळे जे लिहायचं ते मी इथे मोकळेपणाने लिहू शकते. मला संताप आला आहे आणि तो कुठेतरी ठेवायला हवा.

परवा माझं पोटाचं ऑपरेशन आहे. वजन कमी करण्याचं. गुडघे गेले, साखर वाढली, शाळेत दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग मला देणं बंद झालं. डॉक्टर तिरुच्चीला आहेत, स्पष्ट बोलणारे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की माझ्या यकृतावर चरबी चढून ते सुजलं आहे आणि पोटावर आडवं पडलं आहे. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे खाणं बदलून ते आकसलं पाहिजे, नाहीतर आत हत्यार घालायला जागाच नाही. तपासणीत आकसलेलं दिसलं नाही तर तारीख रद्द.

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास माझी तारीख अशीच रद्द झाली. मी भात सोडला होता, कॉफीतली साखर सोडली होती, संध्याकाळचे वडे-भजी सोडले होते. सकाळ-रात्र डॉक्टरांनी दिलेली पिठासारखी पावडर पाण्यात घोळून प्यायले होते. तरी यकृत होतं तिथेच. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरी जाऊन हलव्याच्या ताटात बसले होते. गाडीत नवरा म्हणाला, जिभेवर ताबा हवा. घरी आल्यावर चेन्नईहून दिराचा फोन, तोही तेच. ज्यांनी आयुष्यात एक जेवण चुकवलं नाही ते सगळे मला नाकाने कांदे सोलून दाखवत होते. मी ऐकून घेतलं, कारण माझं मलाच कोडं पडलं होतं.

कोडं सोडवलं दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने. असेल माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने विचारलं, अम्मा, तुम्ही काय खाता? मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता सांगू नका, दाखवा. तोंडात काहीही जायच्या आधी ताटाचा फोटो काढून मला पाठवायचा. तिचे बाकीचे नियम सोपे होते. बसून खायचं, लहान ताटलीत खायचं, घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, पोट भरलं की थांबायचं.

पहिल्या दिवशी दुपारी मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की फोटो काढायला ताटच नाही. माझी ताटली, उकडलेली भाजी आणि डाळ, ती आधीच खाऊन झाली होती. आता सगळ्यांची पानं उठली होती आणि मी भांडी आवरत होते. हातात भाताचं पातेलं होतं, तळाशी भात होता, मी त्यावर उरलेलं रसम ओतून उभ्याउभ्या घास घेणार होते. याला आमच्याकडे जेवण म्हणत नाहीत. याला आवरणं म्हणतात. पोंगलच्या वेळी भात सोडला तेव्हाही हे मी रोज करत होते आणि भात सोडलाय असं शपथेवर सांगितलं असतं.

मी पातेल्याचा फोटो काढला. मग कूट्टूच्या, म्हणजे डाळ घातलेल्या भाजीच्या, वाडग्याचा. मग मुलाने अर्धा टाकलेल्या दोशाचा. मग दह्याच्या भांड्याचा. रात्री पुन्हा तेच. त्या मुलीचा संदेश आला, अम्मा, हे दुसऱ्या कुणाचं जेवण आहे का?

त्या प्रश्नाने माझं डोकं जे तापलं ते अजून तापलेलंच आहे. मी गणित शिकवते. इतकी वर्षं घरात हे चाललं आहे आणि मला बेरीज सुचली नाही. मग सुचली तेव्हा मी तांदळाच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिले. तांदूळ सासूबाई मापून देतात. आमची पूर्वी कावेरीच्या कालव्याला लागून शेती होती, घरचा भात यायचा, तेव्हापासूनचं पितळेचं माप आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासरे होते, दीर-जाऊ होते, त्यांची मुलं होती, येणारे-जाणारे होते. सासरे गेले. दीर चेन्नईला गेले. माझी मुलगी बंगळूरला नोकरीला गेली. माणसं निघून गेली आणि माप तेच राहिलं, कारण पातेल्याचा तळ दिसू नये, दारात कुणी आलं तर नाही म्हणायची वेळ येऊ नये. कुणी येत नाही. आलं तर कॉफी पितं आणि जातं. त्या सगळ्या गेलेल्या माणसांचं जेवण मी जेवत होते.

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, मग फेकून द्यायचं, तुला कुणी धरलंय? खरंच मला कुणी धरलं नव्हतं. फक्त एकदा, नवी असताना, मी उरलेला भात मोलकरणीला दिला होता आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. एकदा शिळा भात टाकला तर सासऱ्यांनी जेवताना सगळ्यांसमोर अन्नाची किंमत सांगितली होती. नवरा तेव्हा तिथेच बसून ताक पीत होता. त्याला आठवत नाही.

मी माप अर्धं करायला सांगितलं. सासूबाईंनी ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून दिलं. मी जास्तीचे तांदूळ परत डब्यात ओतले.  त्या दिवशी ताटलीचा फोटो काढून मी बसून जेवले आणि पोट भरल्यावर थांबले. पोट इतक्या लवकर भरतं हे मला माहीत नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. सोवळ्यात स्वयंपाक माझाच, आणि तो होईपर्यंत, भटजी जेवून उठेपर्यंत, घरचे पुरुष जेवेपर्यंत उपाशी राहायचं. मी सकाळी पावडरचा पेला प्यायले, हॉलमध्ये बसून, सगळ्यांदेखत. सासूबाई माझ्याकडे न पाहता देवघरात गेल्या. दुपारी भटजी गेले, दीर चेन्नईची गाडी धरायला गेले, आणि चुलीपाशी खीर, वडे, भाजी, आमटी आणि भाताचं मोठं पातेलं उरलं. श्राद्धाचं अन्न बाहेरच्याला द्यायचं नाही, दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नाही. सासूबाईंनी केळीचं पान मांडलं आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, "पोदुम." पुरे. मराठीत सांगून त्या ऐकेनात म्हणून तमिळमध्ये म्हटलं; बोलत नसल्या तरी तमिळ त्यांना कळतं.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जवळ येऊन बसल्या आणि अगदी मायेने, समजूत काढावी तशा म्हणाल्या, "तूं आलीस, मी सुटलें. आतां पोराचें लग्न करूं. सून आली कीं तूं सुटशील. आपरेशन कशाला गे?"

मी हॉलमधल्या माझ्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. इतकी वर्षं रोज पुसते मी तो. त्यात मी काडीसारखी आहे आणि माझ्या शेजारी सासूबाई उभ्या आहेत, गुबगुबीत, दंडात चोळी रुतलेली. आता त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. माझ्या मुलासाठी मुलगी बघायचं चाललं आहे. एक कुंभकोणमची आहे, बँकेत काम करते, फोटोत हसरी आहे. तिच्यासाठी माप भरून ठेवलं आहे आणि तिला पत्ता नाही.  इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो समोर बसलेल्या म्हातारीवर काढता येत नव्हता, कारण तिने मला खरं सांगितलं होतं. तिला तर ऑपरेशनही मिळालं नाही. तिला मी मिळाले.

मी पातेलं उचललं आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या नवऱ्यापुढे नेऊन ठेवलं. म्हटलं, तुमच्या वडिलांचं आहे, तुम्ही संपवा. त्याने पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझें पोट भरलें."

आणि विषय संपला. सासूबाईंनी मान डोलावली, मुलाने वरही पाहिलं नाही. भरलं म्हणजे भरलं, त्याला आणखी कोण काय म्हणणार. मी परसात जाऊन माडाच्या बुंध्याशी खड्डा केला आणि सगळं मातीत घातलं. सासूबाई आतून पितरांची क्षमा मागत होत्या. मी हात धुतले, माझी ताटली घेतली, फोटो काढला आणि जेवले.

काल तिरुच्चीला तपासणी झाली. यकृत आकसलं आहे. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, शाबास, जिभेवर ताबा मिळवलात.  परवा ते माझ्या पोटाचा मोठा भाग कापून काढतील. गुडघ्यांसाठी, साखरेसाठी ते करायलाच हवं, मी मागे फिरणार नाही. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तसं हे आहे. त्या पोटाने काय केलं होतं? ते रोज भरत होतं आणि रोज पुरे म्हणत होतं. नवऱ्याला तेवढं नुसतं तोंडाने म्हणणं पुरलं. मला तेच म्हणता यावं म्हणून पोट कापून घ्यावं लागतं आहे.